विषयज्ञान : दहापैकी चार

१८ जुलै

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस, निरोप वाचत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. पत्ता आईकडून घेतला. सांगताना तिने घराचा नंबर दोनदा चुकवला. मुद्दाम की वयामुळे, ते तूच ठरव. पाकीट फाडून टाकायचं असेल तर खुशाल टाक, पण आधी एक बातमी वाच. ती ऐकून तुला जे सुख होणार आहे ते मला हिरावून घ्यायचं नाही.

मी शिक्षिका व्हायला शिकतेय.

हस. आई तर ठसका लागेपर्यंत हसली. शाळांना भूविज्ञान शिकवायला माणसं मिळत नाहीत, म्हणून विद्यापीठाने अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम काढलाय. संशोधन संस्थेतली नोकरी मी सोडली. एकोणीस वर्षं दगड फोडले, पुरे झालं. कारणं बरीच आहेत, तुला त्यांच्याशी कर्तव्य नाही.

आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. खुर्च्यांना उजव्या हाताला फळी जोडलेली. ती पाडली की पोटात रुतते आणि उचलून धरली की वही घसरते. भिंतीभर आधीच्या तुकड्यांनी केलेले तक्ते आहेत. एका तक्त्यात पृथ्वीचं कवच प्रावरणापेक्षा जाड आहे. त्याला पहिला क्रमांक मिळालाय, खाली चिठ्ठी लावलीय. ज्यांनी तो काढला ते आज कुठेतरी पगार घेऊन मुलांना हेच सांगत असणार.

शिकवणारे गृहस्थ प्रत्येक वाक्याआधी विचारतात, "उद्दिष्ट काय?" मी त्यांना उद्दिष्टे सरच म्हणते. काल त्यांनी बावीस प्रौढ माणसांना कात्र्या वाटून पुठ्ठ्याचा ज्वालामुखी करायला लावला. मी खऱ्या ज्वालामुखीच्या तोंडाशी नमुने घेतलेत, बुटांचे तळ वितळेपर्यंत. इथे शेजारच्या पोरीने मला विचारलं, "लाव्हा लाल कागदाचा करू या की नारिंगी?" तिच्या बोटांना कायम गोंद असतो. तिचं नावही मी तेच ठेवलंय.

तू हेच शिकलीस ना गं? याच्यावरच तू शाळेत चौदा वर्षं काढलीस?

राहता राहिली ती जुनी गोष्ट. तू आमच्या संस्थेत अर्ज केलास, निवड समितीने माझं मत मागितलं, मी चार ओळी लिहिल्या. त्या चार ओळींवरून तू अकरा वर्षं तोंड फिरवून बसली आहेस. मला तेव्हा खरं वाटलं ते मी लिहिलं. खरं लिहिणं हाच माझा धंदा होता.

— ताई


९ ऑगस्ट

धाकटे,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी लिहितेय, कारण इथे ज्यांच्याशी बोलावं अशी माणसं नाहीत. आहेत त्यांच्याशी फक्त गोंदाबद्दल बोलता येतं.

काल माझा सूक्ष्मपाठ झाला. तुला माहीत असेलच हा पोरखेळ: सात मिनिटं शिकवायचं आणि बाकीच्या प्रशिक्षणार्थींनी आठवीतली मुलं व्हायचं. पन्नाशीतला एक माजी बँक अधिकारी समोर बसून खोटंखोटं नाक ओढत होता. मी खडकचक्र घेतलं. नीट, क्रमवार, एकही चूक नाही. शेवटी उद्दिष्टे सरांनी आपला कागद वर धरला.

"मॅडम, सात मिनिटांत तुम्ही एकतीस पारिभाषिक शब्द वापरलेत. मी रेघा मारत होतो."

"सगळे बरोबर होते."

"हो ना. पण तुम्ही बोलत कुणाशी होतात?"

"वर्गाशी."

"मला वाटलं, खडकाशी."

सगळे हसले. तो बँकवाला सगळ्यात जास्त, आणि त्याला अजून गाळाचा खडक आणि गाळ यातला फरक कळत नाही. गोंद तेवढी हसली नाही. तास संपल्यावर तिने मला एक गोळी दिली, खोकल्याची. "तुमचा घसा बसलाय," म्हणाली. बसला नव्हता. रागाने माझा आवाज तसा होतो.

पाठ टाचणाचा नमुना सोबत पाठवतेय. डावीकडे शिक्षक काय करणार, उजवीकडे विद्यार्थी काय करणार. उजवीकडच्या रकान्यात मी सगळीकडे 'ऐकतील' असं लिहिलं होतं. सरांनी प्रत्येक 'ऐकतील'ला लाल गोल केलाय. चौदा गोल. बघ आणि करमणूक करून घे.

पुढच्या महिन्यापासून शाळेवर जायचंय. एक विचारते, अगदी कामापुरतं: पहिल्या दिवशी वर्ग गप्प कसा बसवायचा? पुस्तकात जे दिलंय ते लिहिणाऱ्याने कधी वर्ग पाहिलेला दिसत नाही. सांगणार नसशील तर राहू दे. मी चार खाणींवरच्या मुकादमांना गप्प बसवलंय.

— ताई


१४ सप्टेंबर

धाकटे,

मुकादम सोपे होते.

शाळा तीन मजली आहे, जिने अरुंद, आणि मधल्या सुट्टीनंतर प्रत्येक जिन्यावर डब्यांचा वास. मला ज्यांच्या हाताखाली दिलंय त्या बाई छप्पन्न वर्षांच्या आहेत. पाय सुजतात, म्हणून टेबलाखाली एक स्टूल ठेवून त्यावर पाय टाकून शिकवतात. मुलं त्यांना पाठीमागे स्टूलबाई म्हणतात. मीही तेच म्हणते. एकतीस वर्षं त्यांनी तोच धडा, त्याच खोलीत, त्याच स्टुलावर पाय ठेवून शिकवलाय. मी पहिल्या दिवशी मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसले आणि मनात म्हटलं, यांच्याकडून मी काय शिकणार, बसायला?

तिसऱ्याच मिनिटाला त्या म्हणाल्या की बेसॉल्ट जमिनीच्या पोटात खोलवर सावकाश थंड होतो आणि ग्रॅनाईट वर येऊन भराभर. फळ्यावरही तसंच लिहिलं. मी उभी राहिले. तू म्हणशील, तास संपल्यावर एकीकडे सांगायचं. का म्हणून? चाळीस वह्यांत चूक उतरत होती.

"उलटं आहे," मी म्हटलं.

"काय उलटं?"

"ग्रॅनाईट आत, बेसॉल्ट बाहेर. पुस्तकातही दिलंय."

मुलं आमच्या दोघींकडे कुस्ती बघावी तशी बघत होती. बाईंनी मान वळवून फळा वाचला आणि खो खो हसल्या. "अरेच्चा! खरंच की. आणि तुम्ही चाळीस जण काय झोपा काढत होतात? खोडा. नुसतं खोडू नका, शेजारी लिहा: बाईंचं चुकलं, पाहुण्या बाईंनी पकडलं."

चाळीस पोरांनी आनंदाने ते लिहिलं. एकाने तर 'चुकलं'खाली दोन रेघा मारल्या.

मला भयंकर राग आला. कशाचा ते मला दोन दिवस कळत नव्हतं. बाई ओशाळतील अशी माझी तयारी होती आणि त्यांनी मला तेवढंही दिलं नाही. तासानंतर स्टुलावरून पाय उतरवत म्हणाल्या, "तुमचं डोकं चांगलं आहे. तोंडाचं बघू या." हे मला! त्यांच्या वयाच्या माणसांचे अहवाल मी लाल शाईने परत पाठवलेत.

— ताई


३ ऑक्टोबर

धाकटे,

एक प्रकार झालाय. आई तुला तिखटमीठ लावून सांगेल, म्हणून आधी माझ्याकडून ऐक.

आठवीत एक मुलगी आहे, तिसऱ्या बाकावर. दोन घट्ट वेण्या, बोलणं कमी, वहीत समास दोन्ही बाजूंनी सोडते. गेल्या आठवड्यात माझा तास सुरू व्हायच्या आधी ती रुमालात बांधून एक दगड घेऊन आली. काळा, जड, चकाकणारा, बुडबुड्यांची भोकं.

"बाई, हा आकाशातून पडलेला दगड आहे का?"

मला अर्धा क्षणही लागला नाही. "आकाशातून नाही, भट्टीतून पडलाय. कारखान्याचा कचरा आहे हा. फेकून दे आणि हात धू."

वर्ग हसला. मी हसवलं नव्हतं, वर्ग हसला. तिने तो रुमालात परत गुंडाळला आणि जागेवर जाऊन बसली. मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव 'कचरा' पडलं होतं. तेव्हापासून माझ्या तासाला ती वर्गात नसते. वाचनालयात जाऊन बसते. आज नववा दिवस.

यात माझं काय चुकलं? ती भट्टीची मळीच होती, लोखंड वितळताना वर तरंगणारी. तिचं मन राखायला मी तिला उल्का म्हणायचं होतं? मुलांशी खोटं बोलणं म्हणजे शिकवणं असेल तर ते तुम्हा लोकांना लखलाभ.

स्टूलबाईंनी मात्र माझी सराव पाठांची वही मिटून स्वतःच्या खणात ठेवली. "ती मुलगी तुमच्या तासाला बसेल त्या दिवशी यावर माझी सही. त्याआधी नाही." सही नसेल तर परीक्षेचा पाठ नाही, आणि तो नसेल तर वर्ष गेलं. त्रेचाळिसाव्या वर्षी मी एका आठवीतल्या पोरीच्या रुसव्यावर अवलंबून आहे.

मी म्हटलं, "मी खोटं काय बोलले ते सांगा."

त्या म्हणाल्या, "काहीच नाही. म्हणून तर अवघड आहे."

तू म्हणशील, हिने पुन्हा तेच केलं. म्हण. तुझं तोंड मी इथून धरू शकत नाही.

— ताई


१९ ऑक्टोबर

धाकटे,

अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. एक कार्ड, त्यावर एक ओळ: 'त्या मुलीचं पुढे काय झालं?' ना मायना, ना सही. मी कशी आहे, कुठे राहते, जेवते की नाही, काही नाही. जिला तू आयुष्यात पाहिलेलं नाहीस तिची चौकशी. शाब्बास.

घे उत्तर. मी गेले तिच्याकडे. तुझ्या कार्डामुळे नाही, सहीमुळे.

वाचनालय म्हणजे जिन्याखालची एक खोली, चार कपाटं आणि एक लांब टेबल. ती नकाशांचं पुस्तक उघडून बसली होती.

"तास सुरू आहे," मी म्हटलं.

"माहितेय."

"मग इथे का?"

"इथे मला कुणी हाक मारत नाही."

मी खुर्ची ओढली. "हे बघ, मी खोटं सांगितलं नव्हतं. ती मळीच आहे."

"मळीच आहे. बाबांनीच आणलीय. ते भट्टीवर असतात."

मी विचारलं, "तुला माहीत होतं? मग आकाशातला दगड का म्हणालीस?"

"मी म्हणाले नाही, विचारलं. तुम्ही कसं ओळखता ते मला बघायचं होतं." मग पान उलटत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पण तुम्ही बघितलंच नाही. नुसतं सांगितलंत."

धाकटे, मला कुणी इतकं सरळ हाणलं नव्हतं. आणि बरोबर. मी तो तुकडा उलटून पाहिला नव्हता, वजन तोललं नव्हतं, भिंग खिशात असून काढलं नव्हतं. एकोणीस वर्षांच्या सवयीने शिक्का मारला आणि हात धू म्हटलं.

मी म्हटलं, "वर्गात चल, तिथे सांगते." ती म्हणाली, "नको." मी आणखी जोर केला असता, पण तिने नकाशावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. अगदी मी करायचे तशी, समोरचा माणूस संपलाय हे कळवायला.

आता सांगतेच आहे तर आणखी एक. नोकरी मी सोडली नाही, सोडायला लावली. दोन वर्षांत तीन साहाय्यक माझ्या हाताखालून गेले. तिसऱ्याने जाताना लेखी दिलं की बाईंच्या खोलीत शिरताना त्याचे हात कापतात. मी ते वाचून त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. संचालकांनी मला बोलावून म्हटलं, "दगड तुमच्याशी वाद घालत नाहीत, म्हणून तुम्हाला आवडतात," आणि राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला.

आईला हे माहीत नाही. सांगायचं तर सांग.

— ताई


२ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. 'मळी कुठून आणतात ते जाऊन बघ.' तुझी आज्ञा पाळायला मी काही तुझ्या वर्गातली नाही. पण योगायोगाने मी गेले होते.

फाउंड्री गावाबाहेर आहे. उंच पत्र्याची शेड, जमिनीवर काळी वाळू, साच्यांच्या रांगा, आणि आत पाऊल टाकल्यापासून नडगीला लागणारी धग. मुलीचे बाबा भट्टीच्या तोंडाशी होते. लांब सळईने काहीतरी ढकलत होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी हातमोजा काढला नाही.

"तुम्हीच का त्या कचरावाल्या बाई?"

म्हणजे शाळेत तिचं नाव पडलं होतं आणि इथे माझं. शेजारी साचे भरणाऱ्या दोघांनी मान वर करून मला नीट बघून घेतलं.

"पोरगी घरी आली आणि दगडांचा डबा पलंगाखाली ढकलला," ते म्हणाले. "आईने बाहेर काढला, हिने परत ढकलला. सहा वर्षं जमवतेय. मी ओळखत नाही असे दगड आहेत त्यात."

मी म्हटलं, मला मळीचे तुकडे हवेत, वर्गासाठी. ते मागच्या ढिगाकडे गेले. मी पाठोपाठ. तिथे त्यांनी एक तुकडा उचलला, उन्हात धरला. बाटलीच्या काचेसारखा हिरवा.

"हा कालचा. भट्टी नीट चालली होती." दुसरा उचलला, काळा, हातात टाकताच खाली ओढणारा. "हा सोमवारचा. हवा जास्त, कोळसा कमी. लोखंड जळून मळीत चाललं होतं. मुकादमाच्या आधी मला ही सांगते आत काय चाललंय ते."

"म्हणजे मुलीकडचा तुकडा..."

"तोही वाईट दिवसाचाच. मीच दिला तिला. म्हटलं, बघ, माझी चूक कशी दिसते."

मी तिथे उभी होते, हातात त्या माणसाची एका सोमवारची चूक घेऊन. अशाच एकीला मी फेकून दे म्हटलं होतं. खडक वाचणं म्हणजे काय यावर मी परदेशांत भाषणं दिली आहेत, आणि हा माणूस रोज दर अर्ध्या तासाला ते करतो, भाषण न देता.

मी त्यांना वर्गात येऊन बोला म्हटलं. "शाळेच्या वेळेला माझी पाळी असते," ते म्हणाले. "आणि मला उभं राहून बोलता येत नाही. तुम्हाला येतं म्हणतात." त्यांनी पोतं भरून दिलं आणि पाठ फिरवली. पोतं मी एकटीने बसपर्यंत ओढत नेलं. कुणी हात लावला नाही. लावूही नये.

— ताई


२८ नोव्हेंबर

धाकटे,

परीक्षेचा पाठ झाला. सकाळी स्टूलबाईंनी वर्गाच्या दारातून आत डोकावून पाहिलं, खणातून माझी वही काढली आणि सही ठोकली. "शेवटच्या बाकावर, खिडकीशी. स्वतःहून आलीय. तिच्याकडे सारखं बघू नका."

परीक्षक बाहेरून आले होते, कोट घालून. मागे बसले, गुडघ्यावर कागद.

मी वर्गाला म्हटलं, "मागे मी एका प्रश्नाचं उत्तर दिलं आणि ते कसं काढलं हे सांगितलं नाही. म्हणजे तो तास अर्धाच झाला. आज उरलेला. आणि कचरा हे नाव कुणाला वापरायचंच असेल तर माझ्यासाठी वापरा. फाउंड्रीत मला तेच म्हणतात." हशा पिकला. या वेळी तो माझ्यावर होता. विशेष लागत नाही, सांगून ठेवते.

मग पोतं ओतलं. मळीचे तुकडे, त्यात मिसळलेले बेसॉल्टचे तुकडे, भिंगं, चुंबक, पाण्याचं भांडं. पाच-पाच जणांचे गट. कोणता कुठला ते सांगायचं नाही, कशावरून ते सांगायचं. गोंगाट इतका की शेजारच्या वर्गातून निरोप आला. दोघांनी एका तुकड्यावरून मारामारी केली. पाण्याचं भांडं लवंडलं ते थेट परीक्षकांच्या बुटांवर.

आणि पुढच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, हे बुडबुडे कशाचे? आत कुठली हवा होती?"

लाव्ह्याचं मला तोंडपाठ आहे. भट्टीचं नाही. मी काहीतरी ठोकून दिलं असतं तर कुणाला कळलं नसतं, कोटाला तर नाहीच. मी म्हटलं, "मला माहीत नाही." परीक्षकांचं पेन चाललं. तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला, "चुनखडीची."

"कशावरून?" मी विचारलं.

ती उभी राहिली. "भट्टीत चुनखडी टाकतात. बाबा म्हणतात ती आत उकळते. आणि चुनखडीवर आम्ल टाकलं की फेस येतो, म्हणजे तिच्यात वायू असतो. तुम्हीच सांगितलं होतं." मग थांबली, कपाळाला आठ्या घातल्या. "पण आम्ल टाकणं वेगळं आणि तापवणं वेगळं. म्हणजे नक्की नाही."

तीन साहाय्यकांपैकी एकाच्याही तोंडून 'नक्की नाही' हे शब्द माझ्यासमोर निघाले नव्हते. निघणार कसे?

निकाल: काठावर उत्तीर्ण. विषयज्ञान, दहापैकी चार. शेरा: 'शिक्षिकेस विद्यार्थ्याच्या साध्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.' स्टूलबाई ते वाचून इतक्या हसल्या की पाय स्टुलावरून खाली आले. मीही हसले, मग प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुतलं.

आता तुझं. हे मी सहा पत्रं टाळलं.

मी लिहिलेल्या चार ओळी तुला कारकुनाने दाखवल्या होत्या: 'उमेदवार मेहनती आहे. शाळेत शिकवण्यास योग्य. संशोधनाची कुवत दिसत नाही. शिफारस करता येत नाही.' मी म्हणत आले की मला खरं वाटलं ते लिहिलं. नाही वाटलं. त्या उन्हाळ्यात तू आठ दिवस माझ्याबरोबर डोंगरात होतीस. तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "ताई, नकाशातली तुझी ही लाव्ह्याच्या हद्दीची रेघ ओढ्याच्या पलीकडे जायला हवी. इथले दगड भाजलेत, बघ ना." मी म्हटलं, तू तुझ्या पोरांच्या वह्या तपास. तू परत गेलीस आणि मी एकटी त्या ओढ्यावर गेले. दगड भाजलेले होते. मी रेघ पलीकडे नेली, नकाशा माझ्या नावाने छापला, आणि चार महिन्यांनी तुझा अर्ज माझ्या टेबलावर आला.

मला भीती वाटली, तू माझ्या शेजारी बसशील आणि रोज अशी एखादी रेघ दाखवशील. एवढंच. संशोधनाची कुवत मी डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून तसं लिहिलं.

माफी मागायची रीत मला येत नाही. आली की कळवीन.

— ताई


२० डिसेंबर

धाकटे,

तुझं चार पानी पत्र मी बसमध्ये पुन्हा वाचलं. छापील नकाशात ती रेघ तू पहिल्याच वर्षी पाहिलीस आणि गप्प राहिलीस. हे मला अजून पचत नाही. मी असते तर दवंडी पिटली असती. तू लिहितेस, राग रेघेचा नव्हता, अर्जाचाही फार उरला नव्हता. राग एका वाक्याचा होता: 'शाळेत शिकवण्यास योग्य.' ते मी शिवीसारखं लिहिलं आणि तोवर तुझा एकही तास पाहिला नव्हता. नंतरही नाही. 'एकदा येऊन बघ आणि मग काय म्हणायचं ते म्हण.'

म्हणून परवा आले. तू दारात मला पाहिलंस आणि फक्त मागच्या बाकाकडे हात केलास. ठीक आहे. गळ्यात पडण्याइतकं माझं पुण्य नाही.

बघितलं ते सांगते. एक तिरकी फळी, त्यावर ओली वाळू, वरून किटलीची बारीक धार. बस्स. फळा कोरा. तू किटली ठेवून बाजूला झालीस आणि चार मिनिटं एक शब्द बोलली नाहीस. मी घड्याळ लावलं होतं. पहिल्या मिनिटाला वाटलं, धडा विसरली. दुसऱ्याला मला घाम फुटला, तुझ्या वतीने. ओठांवर आलेलं स्पष्टीकरण मी दात आवळून धरलं होतं. तिसऱ्याला तुझी पोरं फळीभोवती गुडघ्यांवर आली. चौथ्याला एक मुलगी ओरडली, "बाई, पाणी आपलीच वाट खोडतंय!"

तू म्हणालीस, "कुठे?"

एवढंच. आणि तिने दाखवलं, दुसऱ्याने नाही म्हटलं, तिसऱ्याने बोटाने वाळू अडवली, आणि पाऊण तासात त्यांनी नदीच्या वळणाचा सगळा धडा तुझ्यासमोर भांडून मांडला. मी एकतीस शब्दांत सांगितलं असतं. मला तुझा हेवा वाटला. तुच्छता माझ्या अंगवळणी पडलीय, हेवा पडलेला नाही. फार वाईट बसतो.

मधेच फळीशी बसलेल्या एका आगाऊ पोराने मागे वळून विचारलंच, "बाई, या कोण?"

तू किटली भरत होतीस. वर न बघता म्हणालीस, "शिकायला आल्यात."

चाळीस तोंडं माझ्याकडे वळली. एकोणीस वर्षं, दोन पदकं आणि सतरा नकाशे माझ्या जिभेच्या टोकावर होते. त्या मुलीने फळीशेजारी सरकून जरा जागा केली, आणि मी उठून, साडी सावरून, तिथे गुडघ्यांवर बसले.

तास संपल्यावर तू दुसऱ्या वर्गावर गेलीस. मी थांबले नाही. बसही होती, आणि काय बोलावं हेही कळलं नसतं.

मंगळवारी तुझा पहिला तास कितीला असतो, तेवढं कळव. लवकरची बस पकडावी लागेल.

— ताई